मुलीकडचा बाक

४ जून, मंगळवार

मुली,

वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तो लिहावा की नाही हे ठरवण्यातच सकाळ गेली, म्हणून ती ओळ सोडून पुढे लिहितो.

तुझं पत्र मिळालं. अकरा वर्षांनी एक पान, त्यातही अर्धं कोरं. मुलगी झाली, सहा महिन्यांची झाली, अठ्ठावीस जुलैला सकाळी नऊच्या मिस्सेत, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेत, तिचा बाप्तिस्मा आहे, यावंसं वाटलं तर या. यावंसं वाटलं तर! गिऱ्हाईकाला सुद्धा मी कधी असं बोलावलं नाही.

मी येणार नाही. कारणं एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको. तुझ्या गावाला दोन बस बदलून यावं लागतं आणि मधल्या स्टँडवरच्या संडासाला कडी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझे गुडघे गेले. डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि माणसं नेमकी डाव्याच बाजूने बोलायला येतात. शिवाय सहा महिन्यांच्या पोरीच्या डोक्यावर गार पाणी ओतायचं आणि वर त्याचा सोहळा करायचा, हे माझ्या बुद्धीच्या बाहेरचं आहे. छातीत कफ झाला तर कोण निस्तरणार? फादर?

तुमच्याकडे आधीपासून सगळं दिखाऊच. तुझ्या लग्नातला तो पांढरा झगाच घे. मागच्या गळ्याची पट्टी अर्धं बोट वर उचललेली, डाव्या खांद्याखाली चुणी, आणि घेर एका बाजूला लोंबणारा. तसला कपडा अंगावर घालून तू सगळ्यांदेखत त्या लांब वाटेने चालत गेलीस. ज्याने शिवला त्याच्या हातात पुन्हा कात्री देऊ नये. तू माझ्या दुकानात लहानाची मोठी झालीस, लोहचुंबकाने फरशीवरच्या टाचण्या गोळा करत, दुकानात तुझं नावच टाचणी पडलं होतं, आणि तुला खांदा कसा बसतो हे कळू नये?

असो. दुकान बंद करून तीन वर्षं झाली, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात.

चर्चमध्ये चपला बाहेर काढतात की घालून आत जातात, तेवढं कळव. येणार नाहीच, पण माणसाला माहीत असावं.

तुझा बाप


९ जून, रविवार

मुली,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे, कारण आज जे पाहिलं ते ताजं असताना सांगितलेलं बरं.

आपल्या घराच्या मागच्या गल्लीत, दवाखान्याला लागून जे चर्च आहे, तिथे जाऊन आलो. भलतं काही मनात आणू नकोस. तू आमचं सगळं टाकून गेलीस ते कशासाठी, हे एकदा बघावं म्हणून गेलो. चाळीस वर्षं त्याच्या भिंतीला लागून ये-जा केली, आत कधी डोकावलो नव्हतो.

वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायला आली आहे. निवृत्त झाली, पण बोलणं अजून इंजेक्शन दिल्यासारखं. ती दर रविवारी तिथे जाते. मी जिन्यात तिला सहज विचारलं की बाहेरच्या माणसाला आत घेतात का. ती म्हणाली, "चला माझ्याबरोबर. तुमचं जाणार काय आहे?"

"अब्रू," मी म्हणालो.

"ती घरी कुलपात ठेवून या."

असल्या बाईशी काय बोलणार. वाटेत तिने मला नियम सांगितले, रोग्याला गोळ्या सांगाव्यात तसे. मागे बसायचं. समोरचे उठले की उठायचं, बसले की बसायचं. ते गुडघ्यावर गेले आणि आपल्याला जमत नसेल तर नुसतं पुढे वाकायचं. तोंड उघडायची सक्ती नाही. शेवटी प्रसादासारखं काही देतात, त्यासाठी रांग लागते, त्या रांगेत आपण जायचं नाही, जागेवर बसून राहायचं. नव्या माणसाला एवढं पुरतं, ती म्हणाली.

एवढं पुरत नाही. दारात एका बाईने माझ्या हातात पुस्तक दिलं आणि वर एक चिठ्ठी दिली. पुस्तकातलं कुठलं पान कधी काढायचं ते चिठ्ठीत लिहिलेलं. मी चौथी शिकलेला माणूस. चष्मा पुसून पान शोधेपर्यंत सगळे ते पान म्हणून मोकळे झालेले, आणि मी आपला पहिल्याच ओळीवर बोट ठेवून उभा. मग पुस्तक मांडीवर ठेवून दिलं. तुझ्या नवीन देवाला बहुधा भरभर वाचणारीच माणसं लागतात.

आणि उठाबस तर विचारूच नकोस. गाणं लागलं की उठा, वाचन आलं की बसा, पण दुसऱ्या कुठल्या वाचनाला पुन्हा उठा. हा भेद का, ते कुणी सांगत नाही. मी मोजलं, तास-सव्वा तासात अकरा वेळा उठवलं. शाळेतले मास्तर सुद्धा एवढं उठवत नसत. मध्येच एक जाडा माणूस साखळीला टांगलेलं भांडं हलवत धूर करत गेला. मला खोकला आला. ज्या क्षणी सगळे गप्प झाले होते, नेमका त्याच क्षणी.

फादर म्हणजे तीस-पस्तिशीचा एक उंच सडपातळ मुलगा. अंगावर हिरवा झगा, तीन बोटं तोकडा. दुसऱ्याच्या मापाचा असणार. पुढचं भरतकाम मशीनचं, आणि उजव्या बाहीचं अस्तर उसवलेलं. हात वर केला की अस्तर लोंबतं. देवाच्या नावाने हात वर करणाऱ्या माणसाला एक टाका घालून घेता येत नाही? नर्सबाई म्हणाली की रंग ठरलेले असतात, एरवी हिरवा, शोकाच्या दिवसांत जांभळा, आनंदात पांढरा. मी म्हटलं, रंग ठरलेत, पण मापाचं काय?

एक मात्र सांगतो. समोरच्या बाकावर एक म्हातारी होती, पिवळा स्वेटर, तिच्या पाठीकडे बघत राहिलो. ती उठली की मी उठत होतो. तिच्यामुळे माझं फारसं हसं झालं नाही.

तुझा बाप


१९ जून, बुधवार

मुली,

तुझं उत्तर पोचलं. चपला काढत नाहीत हे कळलं. ते मला नवव्या तारखेलाच कळलं होतं. दारात मी चपला काढल्या आणि नंतर सगळ्यांच्या बुटांमधून अनवाणी बाहेर आलो. तू दोन ओळी लवकर लिहिल्या असत्यास तर ते टळलं असतं.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो होतो. नर्सबाईच्या पिशव्या जड असतात म्हणून जावं लागलं.

तुमच्यातला एक प्रकार मला मुळीच आवडलेला नाही, तो सांगतो. सगळं गंभीरपणे चाललेलं असतं आणि मध्येच फादर काहीतरी म्हणतात की सगळे एकदम वळून एकमेकांचे हात धरायला लागतात. शांती असो, शांती असो. पुढून, मागून, वाटेपलीकडून. पहिल्या रविवारी मी खिशात हात घालून बसलो होतो, तर पिवळ्या स्वेटरवाली म्हातारी मागे वळून माझ्या खिशातून हात बाहेर येईपर्यंत थांबून राहिली. परक्या माणसाचा हात असा धरतात का? तिचा हात गार होता आणि तर्जनीला घट्टा होता. शिवणकामाचा. मी विचारलं, तर म्हणाली, गोधड्या शिवते. हाताने? हाताने. टाके किती बारीक, ते विचारायच्या आत सगळे पुन्हा गंभीर झाले.

गुडघे टेकायला बाकाखाली एक फळी असते, ती पायाने खाली पाडायची. तिच्यावर रेक्झिन लावलंय, आतला फोम दाबून पापड झालाय, आणि कोपऱ्यात खिळे उघडे पडलेत. त्यावर गुडघे टेकून म्हणे पापांची माफी मागायची. माझी काय असतील ती पापं असतील, पण खिळे असे उघडे ठेवलेले नाहीत. पैसे टाकायची एक कापडी पिशवीही सगळ्या बाकांवरून फिरते. मी तिची शिवण बघून पुढे दिली.

आता तुझा प्रश्न. झग्याच्या मागच्या गळ्याचं मला कसं माहीत, असं तू विचारलंस. फोटोत पाहिलं. तुझ्या मावशीकडे असेल एखादा फोटो. असल्या बारीकसारीक गोष्टींची चौकशी करायला तुला वेळ आहे, आणि पोरीला सर्दी होईल का, या माझ्या प्रश्नाला उत्तर नाही.

तुझ्या नवऱ्याने माझ्यासाठी वेगळी गाडी पाठवतो म्हणून लिहिलंय. त्याला सांग, मी बसने येऊ शकतो. म्हणजे आलो असतो तर. आणि आलो असतो तर सगळ्यात मागच्या बाकावर बसलो असतो, खांबाच्या आड, चार पाठी समोर ठेवून. मागे बसलं की सगळं निभतं, हे मी आता शिकलोय.

तुझा बाप


१ जुलै, सोमवार

मुली,

तुझं पत्र वाचून रक्तदाब वाढला. मागे बसता येणार नाही म्हणतेस. आजोबांची जागा पहिल्या बाकावर, आईवडिलांच्या शेजारी, सगळ्यांच्या पुढे. हा नियम कुणी काढला? पहिल्या बाकावरच्या माणसाने कुणाकडे बघून उठायचं? समोर नुसती वेदी आणि फादर. फादर आधीपासूनच उभा असतो, त्याच्याकडे बघून काय कळणार? याचा कुणी विचार केलाय का?

मी येणार नाही असं मी चार तारखेलाच लिहिलं होतं. तेच बरोबर होतं.

काल काय झालं ते वाच, म्हणजे माझं म्हणणं पटेल. नर्सबाई बहिणीकडे गेली होती, मी एकटा. नेहमीसारखा मागे, बाकाच्या टोकाला, कारण टोकाला बसलं की लवकर बाहेर पडता येतं. शेवटी त्यांची ती रांग लागली. माझ्या बाकावर आतल्या बाजूला सहा जण होते आणि त्यांना जायला वाट माझ्यावरून. मी सभ्यपणे उठून वाटेत उभा राहिलो, त्यांना बाहेर पडू द्यावं म्हणून. तर आतला माणूस मला हाताने म्हणतो, तुम्ही आधी. मी म्हटलं, तुम्ही. तो म्हणाला, छे छे, तुम्ही. आणि मागच्या बाकावरचे तोवर येऊन चिकटले. पुढे माणसं, मागे माणसं, मध्ये मी. हळूहळू सरकत वेदीपाशी चाललोय. कापड मशीनखाली ओढलं जातं तसा. मागे वळावं तर अख्खी रांग उलटी फिरवावी लागणार.

पुढचे सगळे हात पुढे करत होते, म्हणून मीही केले. फादरने एक पांढरी पातळ चकती वर धरली, काहीतरी म्हणाला आणि थांबला. मी काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, उजव्या बाजूने, नशीब माझं, "बाबा, बाप्तिस्मा झालाय तुमचा?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्या नातीचा व्हायचाय."

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला विचारू नकोस.

त्याने चकती भांड्यात ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तीस-पस्तिशीचं पोर, आणि माझ्या डोक्यावर हात! बाहीचं ते उसवलेलं अस्तर माझ्या कानाला लागत होतं. काय म्हणाला ते समजलं नाही. सगळ्यांदेखत, मला खाली बघत उभं राहावं लागलं. नंतर नर्सबाईने सांगितलं की नव्या माणसाने रांगेत जायचं असेल तर दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे, मग ते नुसता आशीर्वाद देतात, प्रश्न विचारत नाहीत. हे आधी सांगायचं सोडून ही बाई बहिणीकडे जाते.

मिस्सा संपल्यावर मी फादरला गाठलं आणि म्हटलं, तो झगा काढा आणि इकडे द्या. तो घाबरला. मी म्हटलं, अस्तर. आज दुपारी शिवून दिलं. तोकडा आहे त्याला माझा इलाज नाही, खाली माया, म्हणजे दुमडीतलं जादा कापड, सोडलेलीच नाही. कुठल्याशा कारखान्याचा माल.

माझ्या डोक्यावर याआधी कुणी हात ठेवला होता, ते काल रात्री आठवत होतो. आठवलं नाही. आणि मी कुणाच्या ठेवला होता, ते आठवलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी. तू हात झटकला होतास, केस विस्कटतात म्हणून.

फोटोचा विषय पुन्हा काढू नकोस.

तुझा बाप


१२ जुलै, शुक्रवार

मुली,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. तू लिहिलंस की लग्नात मागून एकही फोटो काढलेला नाही. जो काढत होता तो तुझ्या नवऱ्याचा मावसभाऊ, आणि तो सगळा वेळ वेदीच्या बाजूला उभा होता. आणि मावशीकडे फोटो नाहीत, तू तिला विचारलंस.

पुढे लिहिलंस, "पहिला बाक तुमच्यासाठी ठेवते. आला नाहीत तर रिकामा राहील. लग्नातही डावीकडचे सगळे बाक रिकामे होते, बाबा. मागे वळून बघायची मला भीती वाटत होती. तुम्हाला माझा एवढा तिटकारा असेल तर नातीसाठी म्हणून उगीच येऊ नका."

चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला जेवढं नीट लिहिता येईल तेवढं लिहितो.

ते बाक मी पाहिलेत. डावीकडचे. पुढे तुझ्या कामावरच्या दोन बायका होत्या, एक निळ्या कपड्यात, एक हिरव्या. बाकी लाकूड. उजवीकडे माणसं अशी दाटीवाटीने बसलेली, की मुलांना मांडीवर घेतलं होतं.

मी कोट शिवला होता. राखी, तीन आठवडे लावले, अस्तराला तुझ्या आईच्या जुन्या साडीचा रेशमी पदर. तुला म्हणालो होतो की तुझ्या त्या असल्या झग्याला मी सुई लावणार नाही, म्हणून तू दुसऱ्याकडून शिवून घेतलास, आणि तुला तसं म्हटल्यावर मी घरी बसून स्वतःसाठी कोट शिवला. याचा अर्थ काय होतो ते तूच लाव, मला लावता येत नाही. पहाटेची पहिली बस धरली. मधल्या स्टँडच्या संडासाला कडी नाही, हे तेव्हाच कळलं.

पोचलो तेव्हा सुरू झालं होतं. तू वाटेच्या मध्यापर्यंत गेली होतीस, पाठ दाराकडे. एकटीच चालत होतीस. बाकीच्या मुली वडिलांच्या हाताला धरून जातात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नर्सबाईने परवा सांगितलं. मी तुझ्या गळ्याची पट्टी पाहिली आणि खांद्याची चुणी पाहिली, आणि मनात आलं की दोन टाचण्या आणि अर्धा तास मिळाला असता तर हे सरळ झालं असतं.

दारात कोटाला फूल लावलेला एक माणूस होता. सभ्य माणूस होता, त्याला दोष देत नाही. त्याने हातात पुस्तक दिलं आणि विचारलं, "मुलीकडचे की मुलाकडचे?" आणि मोकळ्या बाकांकडे हात केला.

मी त्या बाकांकडे पाहिलं. तिथे बसलो असतो तर माझ्यापुढे त्या दोन बायका, त्याही वेंधळ्यासारख्या इकडेतिकडे बघत होत्या. कधी उठायचं, कधी बसायचं, पुस्तकातलं कुठलं पान, हात जोडायचे की काय करायचं, काही माहीत नाही. उजवीकडच्या दोनशे माणसांनी बघितलं असतं की मुलीचा बाप तो हा. पुस्तक उलटं धरून बसलेला. ते तुला हसले असते. मला हसले असते तर चाललं असतं, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगतोय, पण तेही खरं नाही. मला हसलेलं मला चाललं नसतं.

मी त्या माणसाला म्हणालो, "मी शिंपी. झगा नीट बसलाय का ते बघायला आलो होतो."

तो म्हणाला, "छान बसलाय."

मी पुस्तक परत दिलं आणि निघालो.

त्या माणसाला आजही वाटत असेल की तो झगा मी शिवला.

परत आल्यावर गल्लीत सगळे म्हणाले, कण्याचा माणूस आहे, पोटच्या पोरीच्या लग्नाला गेला नाही. दुकानात येऊन म्हणायचे. मी माप घेत ऐकून घ्यायचो. वर त्यात भर घालायचो, तुमच्या धर्माला नावं ठेवायचो, कारण नावं ठेवणं सोपं होतं. घाबरून पळालो हे सांगण्यापेक्षा तत्त्वाचा माणूस म्हणवून घेणं बरं वाटतं. अकरा वर्षं मी तो कणा मिरवला.

तिटकारा नव्हता. एवढंच लिहायला चार दिवस लागले.

आता तू म्हणालीस की येऊ नका, तरी मला समजेल. कोट कपाटात आहे.

तुझा बाप


२१ जुलै, रविवार

टाचणे,

आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. "बसने या किंवा गाडीने या, पण या." कार्डावर एवढंच, पण या वेळी कोरी जागा सोडलेली दिसली नाही, कडेला पोरीच्या पायाचा ठसा आहे. शाई फार लावलीस. तिच्या पायाची नीट धुऊन काढली असशील अशी आशा आहे.

कोट काढला. मी आटलो, कोट तेवढाच राहिला. कंबर दोन बोटं आत घेतली, खांदे तसेच ठेवले. खांदे उसवायचे म्हणजे नवीन शिवण्यासारखंच. पदराचं अस्तर अजून टिकून आहे. तुझी आई चांगलं कापड घ्यायची.

आज मिस्सेत एक गंमत झाली. माझ्या मागच्या बाकावर एक नवा माणूस येऊन बसला. चाळिशीचा, ट्रक चालवतो, सोयरिकीत कुणी आजारी आहे म्हणून आला होता. एकदम ढ. पुस्तक उलटं धरलेलं. मी मधे सहज मागे पाहिलं, तर तो माझ्या पाठीकडे टक लावून बघत बसलेला. मी उठलो की उठायचा, बसलो की बसायचा. मला आधी हसू आलं, मग घाम फुटला. माझी चूक झाली की त्याची होणार. पहिल्या वाचनानंतर माझी गडबड झाली, मी एक वाचन आधीच उठलो, आणि मागे धप्पकन आवाज आला, तोही उठला. अख्ख्या चर्चमध्ये आम्ही दोघेच उभे. मी त्याला हाताने खाली बस म्हणून खूण केली आणि आम्ही दोघे बसलो. कुणी हसलं नाही. पिवळ्या स्वेटरवालीने मागे वळून पाहिलं आणि जरा सरकून आम्हाला तिची पाठ नीट दिसेल अशी बसली.

शांतीच्या वेळी त्या ट्रकवाल्याने हात खिशात घातले होते. मी ते बाहेर येईपर्यंत थांबलो. माणसाने एवढंही शिकू नये म्हणजे काय.

आता अठ्ठावीस तारखेचं. मी शनिवारी संध्याकाळच्या बसने येईन. गाडी नको, मला गाडीत मळमळतं. तुझ्या नवऱ्याला सांग, स्टँडवर उभा राहिला तर हरकत नाही, पण माझी पिशवी ओढायला धावू नये, आत कात्री आहे. पाणी कोमट करून घ्यायला फादरला सांग. नर्सबाई म्हणते की कोमट चालतं, देवाची त्याला ना नाही. पोरीला घालायचा तो पांढरा झगा विकत आणला असशील तर तसाच ठेव. मी हात लावणार नाही. फक्त मागचा गळा एकदा मला दाखव.

पहिल्या बाकावर बसेन. सात रविवार झाले, बरंचसं पाठ झालंय. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाच्या मधे अजून गोंधळ होतो. तिथे माझ्या उजव्या बाजूला बस आणि कोपराने ढोसत जा, लहानपणी दुकानात गिऱ्हाईक आलं की ढोसायचीस तसं. मी चुकीच्या वेळी उठलो तर माझ्या मागचे सगळे चुकीच्या वेळी उठतील. त्याला माझा इलाज नाही. ज्यांना बरोबर उठायचं असेल त्यांनी स्वतः शिकून घ्यावं.

आणि दारात तो फुलवाला माणूस असला, तर त्याला काही सांगून ठेवू नकोस. बाप्तिस्म्याला तो प्रश्न विचारत नाहीत म्हणे. तरी मी दारात क्षणभर थांबेन. त्याने विचारलं नाही, तरी मी त्याला सांगेन. मुलीकडचा.

तुझा बाप